वरच्या बांबूची गाठ

आक्का, आज सोमवार, आठ डिसेंबर. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती आणि मी तुझ्या स्लॅबवर टोमॅटोच्या वरच्या आडव्या बांबूची गाठ बांधत होतो. वेळ मी मोबाईलमध्ये बघून वहीत लिहिली आहे, अंदाजाने सांगत नाही. कबनुरात सोमवारी सातला लाईट जाते ती संध्याकाळी पाचला येते, हे तुझ्या वेळेपासून तसंच आहे. आधी खालचे आपले आठ माग थांबतात, मग शेजारचे, मग पलीकडच्या गल्लीतले. आठवडाभर त्या खटखटीची इतकी सवय झालेली असते, की ती थांबली की कुणीतरी पाठीमागं येऊन उभं राहिल्यासारखं वाटतं. तू म्हणायचीस, "सोमवारी भिंतीस्नी ऐकू येतंय, तम्मा. हळू बोल." लहान भावाला तुमच्याकडं तम्मा म्हणतात हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटायचं, माझं हे आणखी एक नाव आहे आणि ते फक्त तुलाच माहीत आहे.

गाठ आवळली, हात काढला, दोन पावलं मागं सरलो, आणि ती सुटली. वारा नव्हता. खाली माग चालू नव्हते, म्हणजे स्लॅब थरथरत नव्हता. दोरीचं एक टोक दुसऱ्या टोकातून सावकाश बाहेर आलं, कुणी दोन बोटांत धरून ओढावं तसं, आणि शेवटी नुसतं लोंबत राहिलं. हा चौथा सोमवार. पहिल्या तीन सोमवारी मी ती सुटलेली पाहिली होती. सुटताना आज पाहिली.

तुला जाऊन सहा वर्षं झाली. तुझे ते तीन निळे ड्रम, सायझिंगच्या कारखान्यातून, सुताला लावायच्या खळीचे म्हणून आणलेले, स्लॅबच्या जिन्याकडच्या कडेला होते तसेच आहेत. सहा वर्षांत त्यांत कुणी काही लावलं नाही. माती दगडासारखी झाली होती. मी महिन्यातून एकदा वर जायचो, टाकीचा कॉक बघायला, आणि ड्रमांकडं पाठ करून खाली यायचो. यंदा गणपतीच्या आधी गेलो तर तिन्ही ड्रमांत एकेक रोप. टोमॅटो आपोआप उगवतो, त्यात नवल नाही. पडलेल्या फळाचं बी मातीत पडून राहतं, हे तूच सांगितलं होतंस. पण आपोआप उगवलेलं रोप कडेला उगवतं, दोन-चार मिळून उगवतं. ही तिन्ही मधोमध होती. मी पट्टी घेऊन मोजलं. तू लावायचीस तेवढंच अंतर, चारी बाजूंनी वीत-वीत.

तुझ्या मुलाला, दादाला, सांगितलं तर तो जेवता जेवता म्हणाला, "उपटून टाक. आई गेली ती ह्याच्यापायीच." वहिनी ताटात भाकरी वाढत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "राहू दे की. आत्तींची हायती." ती तुला आजही आत्तीच म्हणते. दादा तिच्याकडं बघून हसला. "राहू दे तर राहू दे. बांधू मात्र तू नको, म्हंजे झालं." वहिनीनं भाकरीची टोपली खाली ठेवली. आत गेली, गॅसचं बटण बघून आली, बसली, परत उठली आणि परत बघून आली.

तेव्हापासून रोपांचं सगळं मी बघतो. आता ती माझ्या डोक्याच्या वर हातभर गेली आहेत. वाडीकडून, तुझ्या माहेराहून आणलेलं ते बी तसलंच होतं, थांबायचं नाव न घेणारं. तू मला त्यांची बांधणी शिकवलीस ते साल मला नीट आठवतं, कारण त्याच साली मी आठवीतून शाळा सोडली आणि तुमच्या घरी राहून दादाच्या हाताखाली कामाला लागलो. तू खाली सुताच्या कांड्या भरायला बसायचीस. मागावर संपत आलेल्या बीमचे, म्हणजे ताण्याच्या रुळाचे, धागे नव्या बीमच्या धाग्यांना एकेक करून गाठायचं काम मला मिळालं. एका बीमला हजारो गाठी. विणकराची गाठ बारीक असते, फणीतून अडकल्याशिवाय पार होते आणि कापडात दिसत नाही. सहा महिन्यांत माझी बोटं मी न बघता ती गाठ मारायला लागली. कुणी झोपेतून उठवून हातात दोन धागे दिले असते तरी मारली असती.

म्हणून तू स्लॅबवर मला रोपं बांधायला सांगितलीस तेव्हा मी तीच मारली. मागाचा धागा, विणकराची गाठ, देठाला घट्ट. चार दिवसांनी तू मला वर बोलावलंस. धाग्यानं देठ कापला होता, वरचं निम्मं झाड मान टाकून होतं. तू रागावली नाहीस. मला स्वयंपाकघरात घेऊन गेलीस, चुलीपाशी बसवलंस, तोच धागा घेऊन माझ्या उजव्या तर्जनीला बांधलास आणि म्हणालीस, "ही भाकरी हुस्तवर काढायचा न्हाय." भाकरी फुगली, तू ती उलटलीस, परत उलटलीस. माझं बोट वांग्यागत निळं झालं. मग तू कोयत्यानं धागा कापलास आणि गरम भाकरीचा तुकडा माझ्या त्या हातात ठेवलास. बोटाला तो गरम लागलाच नाही. "आता कळलं? तुझं बोट हाय तेवढंच ऱ्हातंय. झाडाचं बोट रोज जाड हुतंय. त्याला बी श्वास हाय की."

मग तू नीट शिकवलंस. जुन्या सुती लुगड्याची चिंधी, आधी बांबूला पक्की, मग आठाच्या आकड्यासारखी फिरवून देठाला सैल. देठ आणि चिंधी यांच्यात आपलं बोट गेलं पाहिजे. वीतभर वाढलं की पुन्हा एक चिंधी. बगलफुटवे कोवळे असताना नखानं काढायचे. ड्रमच्या तळाला दगड, नाहीतर उंच झाड वाऱ्यानं ड्रमासकट आडवं होतं. आणि मुख्य म्हणजे बांबू. शेतात बांबू जमिनीत हातभर जातो, ड्रममधली माती भुसभुशीत, तिथं एकटा बांबू उभा राहत नाही. म्हणून तू तिन्ही ड्रमांतले बांबू दोन आडव्या बांबूंनी एकमेकांना जोडायचीस, एक गुडघ्याइतका, एक डोक्याच्या वर. त्या गाठी काथ्यानं. "काथ्या खरबरीत असतोय, धरून ऱ्हातोय. गुळगुळीत दोरीचा भरवसा न्हाय."

त्याच स्वयंपाकघरात तू मला लिहायला बसवायचीस. बचत गटाचा अर्ज, रेशन कार्डावरचं नाव, कांड्यांच्या पोत्यांवरच्या चिठ्ठ्या. तुला अक्षर ओळखता येत नव्हतं. मी एकदा अर्जात तुझ्या गावाचं नाव चुकवलं आणि तुला दोन फेऱ्या पडल्या. तू अर्ज माझ्यासमोर ठेवून एवढंच म्हणालीस, "तू लिवलेलं मला तपासाय येत न्हाय, तम्मा. म्हणून तू चुकायचं न्हाय." मी आजही प्रत्येक शब्द दोनदा बघतो. हे पत्रही मी आधी वहीत कच्चं लिहिलं आणि मग इथं उतरवतो आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर पान फाडून पुन्हा लिहितो. लोक हसतात. बीम गाठणाऱ्याला शुद्धलेखन कशाला, म्हणतात.

आता त्या दिवसाचं लिहितो. तू मला चाळीस रुपये दिलेस, वीसच्या दोन नोटा. म्हणालीस, काथ्याची गुंडी आण, वरचा बांबू आज बांधून टाक, झाडं डोक्यावर गेलीत. मी दुकानात गेलो नाही. खात्यात, खालच्या मागांच्या खोलीत, पॉलिस्टरचा वाया गेलेला धागा ढिगानं पडलेला असतो, पांढरा. त्याचे पदर एकत्र वळून मी दोरी केली. ओढून बघितली, तिला दगड टांगून बघितला, तुटली नाही. माझ्या हिशेबानं काम चोख होतं. चाळीस रुपयांचा मोबाईलला रिचार्ज मारला. मग वर जाऊन वरच्या बांबूची दोन्ही टोकं बांधली, आणि माझ्या बोटांनी त्यांना येत होती तीच गाठ मारली. बारीक धाग्यात, फणीच्या दाबात ती धरून राहते. गुळगुळीत जाड दोरीत, खाली आठ माग स्लॅब हलवत असताना, ती रोज थोडीथोडी सरकते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, असं मी लिहिणार होतो. पण तू गुळगुळीत दोरीचं सांगितलं होतंस. म्हणजे मला माहीत होतं.

खालच्या बांबूची गाठ वहिनीनं मारली होती, जुन्या काथ्याच्या तुकड्यानं. संध्याकाळी तू विचारलंस, "वरची झाली?" मी म्हटलं, झाली. "काथ्या केवढ्याला दिला?" मी म्हटलं, चाळीस. तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. तू वर बघितलंस, तुला काय दिसलं असेल ते असो, आणि म्हणालीस, "बरं केलंस."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाली बीमवर वाकलेलो होतो. मागांच्या आवाजात काही ऐकू येत नाही. मी सहज मान वर केली तर जिन्याच्या दारात वहिनी उभी होती आणि तिचं तोंड उघडं होतं. ती ओरडत होती आणि आवाज नव्हता. मग दादानं तिला बघितलं, एक माग थांबला, दुसरा थांबला, आणि माग थांबत गेले तसतसा तिचा आवाज आला. तू उलटी बादली घेऊन तिच्यावर उभी राहिली होतीस, शेंड्याला चिंधी बांधायला, आणि तोल जाताना वरच्या बांबूला धरलं होतंस. बांबू तुझ्याबरोबर आला. तू जिन्याच्या वरून तिसऱ्या पायरीवर पडलेली होतीस. तुझे डोळे उघडे होते आणि तू माझ्याकडं बघत नव्हतीस, माझ्या हातांकडं बघत होतीस.

स्लॅबवर वाळत घातलेली चादर आणायला म्हणून मला वर पाठवलं. बांबूचं एक टोक लोंबत होतं. दोरी कुठंच तुटलेली नव्हती, नुसती सुटलेली. मी ती काढली. दुसऱ्या टोकाचीही काढली. खिशात घातली आणि चादर घेऊन खाली आलो. तीन दिवसांनी इचलकरंजीच्या दवाखान्यात तुझा जीव गेला.

नंतर दादानं विचारलं, बांबू कुणी बांधला होता? वहिनी म्हणाली, मी बांधला होता. ती खालच्याबद्दल बोलत होती. मी शेजारीच उभा होतो. तेव्हा एक शब्द टाकला असता तर पुरला असता. मला वाटलं, उद्या सांगू, माणसं जमलीत. बाराव्यानंतर सांगू. मग दादा एकदा रागात तिला म्हणाला, "धड गाठ मारता येत न्हाय, माझ्या आईला खाल्लंस." त्यानंतर सांगणं म्हणजे सहा वर्षांच्या प्रत्येक दिवसाचं सांगणं झालं. आता घरात काही सांडलं, कुलूप उघडं राहिलं, तरी तो म्हणतो, "बघ, हे बी सोडलाईस का आईवाणी." हसत म्हणतो. वहिनी कुलूप तीनदा ओढते. गॅस तीनदा बघते. पोराच्या शाळेच्या बुटाची नाडी बांधते, सोडते, बांधते, आणि ते पोर पाय पुढं करून मुकाट्यानं उभं राहतं. त्याला वाटतं, सगळ्यांच्या आया अशाच बांधतात.

म्हणून यंदा रोपं वाढली तेव्हा मी ठरवलं, या वेळी चोख करायचं. वाळलेले चांगले बांबू आणले. काथ्या आणला, खरा. खालचा बांबू बांधला, तो टिकला. वरचा बांधला, आणि पुढच्या सोमवारी सुटलेला. मी म्हटलं, थरथर. दुसऱ्या आठवड्यात दुहेरी बांधला. सोमवारी सुटला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी प्रत्येक वेळी मन लावून दुसरी गाठ मारायला सुरुवात करतो आणि शेवटी बघतो तर बोटांनी विणकराचीच मारलेली असते. तिसऱ्या आठवड्यात मी वहीत रोजची नोंद ठेवली. मंगळवार, घट्ट. बुधवार, घट्ट. शनिवारपर्यंत आठ माग दिवसरात्र चालूनही घट्ट. रविवारी संध्याकाळी मी बांबूला लोंबकळून बघितलं, घट्ट. सोमवारी माग थांबले, मी वर गेलो, आणि ती सुटलेली होती. थरथर असताना टिकते आणि थांबल्यावर सुटते, याला माझ्याकडं उत्तर नाही. मी आठवीपर्यंतच शिकलो आहे, पण मला वाटत नाही की नववीत याचं उत्तर असेल.

आणखी एक आहे. खाली पडलेला बांबू मी उचलतो तेव्हा त्याच्या मधोमध, एका हाताच्या रुंदीएवढा भाग कोमट असतो. डिसेंबरच्या सकाळी, ऊन स्लॅबवर यायच्या आधी. बाकीचा बांबू गार. मी दोन्ही बाजूंना हात लावून बघितला आहे.

आज गाठ माझ्यासमोर सुटली आणि बांबू तिरका होऊन थांबला. दुसरं टोक अजून बांधलेलं होतं. मी सुटलेलं टोक धरलं, तर ते जड लागलं. बांबूला वजन किती असतं ते मला माहीत आहे. हे तेवढं नव्हतं. बादलीवर उभं राहून कुणीतरी वरून धरलेलं असावं तसं ते मधून खाली ओढत होतं, जोरानं नाही, तोल सावरण्यापुरतं. टोमॅटोच्या पानांचा तो कडवट वास एकदम आला, पानं कुणी हातानं चोळल्यावर येतो तसा. मी सोडलं नाही. सोडायचं नाही एवढंच डोक्यात होतं.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन जिन्यानं वर आली आणि तिसऱ्या पायरीवर थांबली. त्याच पायरीवर.

"सुटली?"

"सुटली."

"भावजी, तुम्ही सोडताय व्हय? माझी परीक्षा घ्यायला?"

"मी कशाला सोडू, वहिनी?"

"मग कोण? आत्ती?" ती हसली. मग तिचं हसू गेलं. तिनं कप पायरीवर ठेवला, पडत नाही ना ते तीनदा बघितलं. "एक इचारू? खरं सांगा. त्या दिशी खालची गाठ मी मारलती, ते आठवतंय. वरची आठवत नव्हती, पयल्यांदा. पण ह्यांनी इतक्यांदा म्हटलंय, की आता मला दिसतंय. माझंच हात दिसत्यात वरच्या बांबूवर. दोरी बी दिसतीया, हिरवी. वरची मीच मारलती का? तुम्ही हुतासा की त्या दिशी घरात."

हिरवी नव्हती, आक्का. पांढरी होती. ती माझ्या पत्र्याच्या डब्यात आहे, गाठायच्या सुईखाली, सहा वर्षं. दोरीचा रंग सांगितला असता तरी पुरलं असतं.

मी म्हटलं, "मला आठवत न्हाय, वहिनी."

माझ्या हातातलं वजन गेलं. एकदम. बांबू इतका हलका झाला की मी मागं धडपडलो. दूरवर कुठंतरी कुत्रं भुंकत होतं ते थांबलं. वहिनीनं मान हलवली, ठरवून टाकल्यासारखी. "मग मीच," ती म्हणाली. तिनं वर येऊन माझ्या हातून काथ्या घेतला, बांबूला दोन वेढे दिले, गाठ मारली, ओढली. एक, दोन, तीन, असं मोठ्यानं मोजत ओढली. मग शेंड्याची सुटलेली चिंधी आठाच्या आकड्यात फिरवली आणि देठाशेजारी आपलं बोट घालून बघितलं. ते तिला कुणी शिकवलं, आक्का? तू तिला रोपांच्या देठाला कधी हात लावू दिला नव्हतास.

आता दुपारचे तीन वाजले आहेत. मी खाली मागांच्या मध्ये बसून हे लिहितो आहे. मध्ये चार वेळा वर जाऊन आलो. वहिनीची गाठ हललेली नाही. ती सुटणार नाही, हे मला माहीत आहे. माझीच सुटते.

हा कागद पाठवायला पत्ता नाही, आणि पाठवला तरी वाचून दाखवायला तू मलाच बोलावलं असतंस. तेही खरं कारण नाही. मी तुला लिहिलं, कारण तुला वाचता येत नव्हतं. वहिनी दहावी झाली आहे. ती वरच्या घरात आहे, मधे एकवीस पायऱ्या आहेत, आणि हा कागद घडी होऊन माझ्या खिशात जाईल, त्या दिवशी दोरी होती त्याच बाजूच्या.

यंदाचा खर्च वहीतून उतरवतो. बांबू पाच, चारशे रुपये. काथ्या दोन गुंड्या, एकशे चाळीस. शेणखत एक पोतं, साठ. एकूण सहाशे. चिंध्या घरच्याच, तुझ्या लुगड्याच्या. देणं : तुझे चाळीस रुपये, काथ्याचे. त्याच्या खालच्या ओळीवर वहिनी असं लिहिलं आहे. दोनदा तपासलं, दुसरी वेलांटी आहे. पुढं आकडा घालता आला नाही.